सरळ वागायचे ठरवले, पुढे काय?

काही पुस्तके करमणूक करतात, काही शहाणपण शिकवतात आणि काही नुसतीच छळतात. आल्फ्रेड डोब्लिन या जर्मन लेखकाची 'बर्लिन अलेक्झांडरप्लाट्झ' ही १९२९ सालची कादंबरी तिसऱ्या प्रकारात मोडते. आम्ही ती इंग्रजी भाषांतरातून वाचली. ऑफिस सुटल्यावर रोज दहा-पंधरा पाने, असे करत दीड महिना गेला. एवढे कष्ट घेऊन वाचण्यासारखे तिच्यात काय आहे, तेच या खेपेस सांगतो.

फ्रान्झ बिबरकॉफ हा बर्लिनचा मजूर. सिमेंटच्या कामावर राबलेला, ओझी वाहिलेला. रागाच्या भरात त्याने सोबत राहणाऱ्या इडाला मारहाण केली आणि त्यात ती मेली. चार वर्षांची सजा भोगून तो टेगेलच्या तुरुंगातून बाहेर पडतो, इथे कादंबरी सुरू होते. दार उघडले तरी त्याचे पाय उचलत नाहीत. खरी शिक्षा आता सुरू झाली, असे त्याला वाटते. शहरात येतो तर घरांची छपरे घसरून अंगावर येतील, ही भीती. पुढे तो शपथ घेतो की, आता सरळ वागायचे.

वाचकहो, ही कादंबरी सरळ गोष्टीसारखी पुढे जात नाही. मधेच वर्तमानपत्रातली बातमी येते, जाहिरात येते, हवामानाचा अंदाज येतो, ट्रामचे थांबे येतात. बर्लिनच्या कत्तलखान्याची पाने तर अंगावर काटा आणतात. जनावरे किती आली, कशी कापली गेली, याचा हिशेबनिशी तपशील, आणि त्यालाच लागून बायबलातल्या दुःखी ईयोबाची कथा. पुढे काय होणार हे लेखक प्रत्येक भागाच्या आरंभीच सांगून टाकतो. सुरुवातीला आमचा गोंधळ उडाला. मग ध्यानात आले की, मोठ्या शहरात माणसाचे डोके असेच चालते. पोटाची चिंता, भिंतीवरची जाहिरात आणि रस्त्यावरची बोंबाबोंब एकाच वेळी डोक्यात शिरते.

बिबरकॉफला तीन तडाखे बसतात. आधी ओळखीचाच माणूस विश्वासघात करतो. मग राइनहोल्ट नावाचा गुंड त्याला धावत्या मोटारीतून ढकलतो आणि त्याचा एक हात जातो. शेवटी त्याच्यावर जीव लावणाऱ्या मीत्सेचा तोच राइनहोल्ट खून करतो. नंतर बिबरकॉफ वेड्यांच्या इस्पितळात पोहोचतो.

डोब्लिन हे लिहू शकले, याला कारण आहे. ते दहा वर्षांचे असताना वडील घर सोडून गेले आणि आई पाच मुलांना घेऊन बर्लिनला आली. पुढे ते डॉक्टर झाले. मानसिक रोग्यांत काम केले, पूर्व बर्लिनच्या कामगार वस्तीत दवाखाना चालवला. गरिबाचे दुखणे त्यांनी नाडी धरून पाहिले होते. बाबुराव बागुलांच्या मुंबईच्या कथा ज्यांनी वाचल्या आहेत, त्यांना हा अंधार परका वाटणार नाही.

मात्र एक गोष्ट आम्हाला खटकली, ती सांगितलीच पाहिजे. इडा मेली, मीत्से मेली. तुरुंगातून सुटताच बिबरकॉफने इडाच्या बहिणीवरही जबरदस्ती केली. तरी नवे आयुष्य मिळते ते त्यालाच. आपल्या आया-बहिणींनी ही कादंबरी वाचली तर त्या आधी इडाची चौकशी करतील, आणि ते रास्तच होईल.

मग या माणसाचे चुकले कुठे? आमच्या मते, सरळ वागायची शपथ त्याने एकट्याने घेतली आणि आपल्या अंगातल्या ताकदीवर घमेंड ठेवली. सोबत कोण आहे, हे तपासले नाही. एकदा तर पोटासाठी तो दंडाला स्वस्तिकाची पट्टी बांधून नाझींची वर्तमानपत्रे विकतो. त्याच्या ओळखीचे कामगार गुत्त्यात त्याला जाब विचारतात, तरी त्याला उमगत नाही. १९३३ साली त्याच पट्टीवाल्यांचे राज्य आले. ज्यू असलेल्या डोब्लिनना देश सोडावा लागला आणि त्यांची पुस्तके जाळली गेली.

हे वाचताना आम्हाला आमच्या वस्तीतला एक तरुण आठवला. दीड वर्ष कच्च्या कैदेत राहून तो निर्दोष सुटला. पण जुन्या कामावर त्याला कोणी उभे केले नाही. शेजारी दार लोटून घेत. 'पोरा, नीट राहा' असे सगळे सांगत, पण दोन घास खा असे म्हणणारी घरे मोजकीच निघाली. अशा पोराला उद्या कोणीही पट्टी बांधली तर दोष एकट्या त्याचा कसा?

कादंबरीच्या शेवटी बिबरकॉफ एका कारखान्यात दुय्यम दारवान होतो. पगार थोडा, नाव नाही. पण आता तो डोळे उघडे ठेवतो, ढोल वाजला म्हणून मागे धावत नाही, आणि माणूस एकटा टिकत नाही हे त्याला कळलेले असते. एवढी अक्कल यायला त्याला एक हात आणि दोन बायकांचे जीव मोजावे लागले. आपल्या गल्लीतल्या पोराला ती त्याहून स्वस्तात मिळावी, असे वाटत असेल तर सुटून आलेल्याला दारात उभे ठेवू नका. त्याला आत घ्या आणि कामाचे विचारा.