छंदाचं खातं वेगळं ठेवा



पन्नाशी उलटलेल्या माणसाची नोकरी गेली की घरी भेटायला येणारा प्रत्येक जण एकच सल्ला देतो, ‘एखादा छंद लावून घ्या म्हणावं.’ सल्ला चांगला आहे, पण अर्धाच आहे. घरात पैसे किती महिने पुरतील, छंदाचा पसारा कोण आवरणार आणि त्यातून दमडीही मिळाली नाही तर काय, हे कुणी बोलत नाही.

आमच्याकडे ही वेळ 2014 साली आली. पिंपरी-चिंचवडच्या एका कारखान्यात यांची तीस वर्षं झाली होती. निवृत्तीला तीन वर्षं असताना यांचा विभागच बंद केला. त्यानंतर कितीतरी दिवस हे सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून तयार व्हायचे आणि खुर्चीत बसून राहायचे. खाली उतरायचे नाहीत. कुणी ‘आज सुट्टी का?’ असं विचारेल, ही धास्ती.

माझं स्पष्ट मत आहे, छंदाच्या आधी हिशेब. मी कॉमर्सची पदवी घेतली ती नोकरीत नाही वापरली, पण त्या आठवड्यात घरात वापरली. ग्रॅच्युइटीचा हिशेब आपल्यालाही यायला हवा. शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळवा, 26 ने भागा, 15 ने गुणा आणि नोकरीच्या वर्षांनी गुणा. बेरीज 26,000 असेल आणि नोकरी 30 वर्षांची, तर साडेचार लाख होतात. त्याखाली भविष्य निर्वाह निधी आणि नोटिशीचा पगार लिहा. कंपनीचा आरोग्य विमा सहसा नोकरीबरोबरच जातो, त्यामुळे नव्या विम्याचा हप्ता खर्चात धरा. मग महिन्याच्या घरखर्चानं भाग द्या. किती महिने निघतील तो आकडा दोघांनी मिळून पाहावा. आकडा लहान असला तरी तो माहीत असलेला बरा. पोटात काळजी ठेवून कुणाचाच हात कुंडीत किंवा कागदावर रमत नाही.

दुसरी गोष्ट, छंदाला लगेच कमाईला जुंपू नका. यांनी गच्चीवर दोडकी, कारली लावली. पहिली चार दोडकी निघाली तशी एक नातेवाईक म्हणाल्या, ‘सोसायटीत विका की, तेवढाच हातभार!’ त्या प्रेमानंच म्हणाल्या, पण यांनी त्यानंतर आठ दिवस गच्चीवर पाऊल टाकलं नाही. कमवायचं असेल तर काम शोधावं, ते वेगळं. यांनीही पुढे एका दुकानाची हिशेबाची कामं घेतली. पण तो पैसा पैशाच्या खात्यात. छंद जमा होतो वेळेच्या खात्यात, तिथे नफातोटा मांडू नये.

खरे रमले ते मोडीत. यांच्या आजोबांचं सांगलीकडे किराणा दुकान होतं. त्यांच्या खतावण्या माळ्यावरच्या ट्रंकेत पडून होत्या, घरात कुणालाच वाचता येत नव्हत्या. पुण्यात मोडीचे वर्ग चालतात, तिथे हे जाऊ लागले. मोडीत आधी ओळ आखतात आणि तिला अक्षरं लटकवत जातात. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, शब्द तुटत नाहीत. एक पान लागायला यांना दोन दोन दिवस लागायचे. बेरजा मी तपासायचे, सोळा आण्यांचा रुपया आणि बारा पैंचा आणा धरून. एका वर्षी दुकान सात महिने बंद होतं, असं त्यात निघालं. घरात याविषयी कधी कुणी बोललं नव्हतं. त्या सात महिन्यांतही आजोबांनी मीठ-तेलाचा खर्च रोज लिहिला होता. हे काही बोलले नाहीत. पण त्याच आठवड्यात खाली कुणी विचारलं तेव्हा सरळ म्हणाले, ‘कंपनीनं कमी केलं.’

तिसरी गोष्ट आपली, बायकांची. छंद त्यांचा आणि राबणं आपलं, असं होऊ देऊ नका. यांना मध्येच लाडू शिकायची हौस आली होती. दहा लाडवांना सात भांडी! मी सांगितलं, ज्याचा छंद त्याची भांडी. दुपारी दोन ते चार माझ्या स्वाध्यायाचा वेळ, तोही मी सोडला नाही. बदल्यात एक सुख मिळालं. नोकरीत असताना यांना सूर्यास्तापूर्वी जेवण फक्त सुट्टीच्या दिवशी जमायचं, ते आता रोज जमू लागलं.

आणि हे फक्त पुरुषांसाठी नाही. आजकाल सुनांच्या नोकऱ्याही जातात. तेव्हा ‘छंद लावून घे’ असं तिला कुणी म्हणत नाही. ‘बरं झालं, आता घराकडे लक्ष देता येईल’ म्हणतात आणि तिच्या हातात लाटणं देतात. तिचाही पगार गेलेला असतो, तिलाही खाली उतरताना धास्ती वाटते. तुमच्या सुनेची नोकरी गेली तर आधी तिच्याजवळ वही घेऊन बसा. मग दिवसातले दोन तास तिचे म्हणून ठरवा, आणि त्या दोन तासांत तिला हाक मारू नका.