वाणाला गावाचे नाव मिळते, शेतकऱ्याचे का नाही?



मयूर विहार फेज १ मधल्या उत्तर गुरुवायूरप्पन मंदिराच्या आसपास मल्याळी कुटुंबे पुष्कळ आहेत. आमचे शेजारी इडुक्कीचे. गावाहून आले की ते मूठभर टपोरे, हिरवेगार वेलदोडे हातावर ठेवतात आणि अभिमानाने सांगतात, ‘न्यळ्ळानी!’ आमच्या श्रीखंडात पडणारा हा वेलदोडा सेबॅस्टियन जोसेफ या शेतकऱ्याने निवडून वाढवला. न्यळ्ळानी हे त्यांच्या घराण्याचे नाव. १९८० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी आपल्या मळ्यातली भरघोस, मोठ्या बोंडांची झाडे हेरली आणि त्यांचेच फुटवे लावत गेले. पुढे इडुक्कीतले मळेच्या मळे या वाणाने भरले.

प्रश्न नेमका या फुटव्यांचा आहे. वेलदोड्याचे बी पेरले तर रोप आईसारखे येईलच असे नाही. कंदासकट फुटवा काढून लावला की मात्र तेच झाड पुन्हा उभे राहते. म्हणजे एक फुटवा बांधापलीकडे गेला की वाण गेला. हळद-आल्याच्या बेण्याचेही तेच. दरवर्षी नवे बियाणे विकणाऱ्या कंपनीला जे मिळते, ते या शेतकऱ्याला मिळण्याची सोयच नाही.

आपल्याकडचे उदाहरण भाताचे आहे, पण दुखणे तेच. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी दीड एकरात एचएमटी तांदूळ निवडला. कृषी विद्यापीठाने १९९८ मध्ये त्यातूनच ‘पीकेव्ही-एचएमटी’ आणला. त्या नावात दादाजी कुठेच नाहीत. ३ जून २०१८ ला ते गेले, तेव्हा उपचारांसाठी घरात पैसे नव्हते. हे वाचून मला वाटलेली लाज अजून गेलेली नाही.

शेतकऱ्यांनी बेणे एकमेकांना देऊ नये, असे मी मुळीच म्हणत नाही. २००१ च्या वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने बियाणे राखण्याचा, देण्याघेण्याचा हक्क दिला आहे. तो अबाधितच राहावा. पण याच कायद्यात राष्ट्रीय जनुक निधी आहे. मळ्यामळ्यांत पसरलेल्या अशा वाणाच्या मूळ शेतकऱ्याला त्यातून एकरकमी मोबदला द्यावा. नोंदणी झाली होती का, हे विचारत बसू नये, कारण ‘न्यळ्ळानी’ निवडला गेला तेव्हा हा कायदाच नव्हता. शिवाय विद्यापीठाच्या शिफारसपत्रावर आणि सरकारी रोपवाटिकेच्या पावतीवर वाणाच्या नावाशेजारी त्या शेतकऱ्याचे नाव छापावे. त्याला खर्च तो काय?

वायगावच्या हळदीला २०१६ मध्ये, सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, याचा आनंदच आहे. पण ते मान गावाचे. बांधावर बसून चांगला गड्डा वेगळा काढणाऱ्या माणसाचे नाव त्यात येत नाही.

हळद, आले किंवा मिरचीचा वेगळा वाण ज्यांनी राखला आहे, त्यांनी तो नोंदवावा. शेतकऱ्यांना त्यासाठी शुल्क नाही. ही नोंदणी करणाऱ्या प्राधिकरणाचे कार्यालय आमच्या दिल्लीत, पुसा परिसरात आहे. कागदपत्रे तिथे पोहोचवायला कुणी हवे असेल, तर आम्ही इथली मराठी माणसे ते काम आनंदाने करू.

– एक वाचक, मयूर विहार फेज १, दिल्ली