रेंज आली तरी वर्ग कोण बघणार?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये अंगणवाडी सेविकांच्या शिक्षणाविषयी दोन सूचना एकाच परिच्छेदात आल्या आहेत. पहिली अशी की, बारावी किंवा त्याहून अधिक शिकलेल्या सेविकेने सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आणि त्याहून कमी शिकलेलीने एक वर्षाची पदविका पूर्ण करावी. दोन्ही अभ्यासक्रम डीटीएच वाहिन्या आणि स्मार्टफोनवरून चालवता येतील, म्हणजे तिच्या रोजच्या कामात फारसा खंड पडणार नाही. दुसरी अशी की, शालेय शिक्षण विभागाच्या समूह साधन केंद्रांनी या शिक्षणाला मार्गदर्शन पुरवावे आणि सततच्या मूल्यमापनासाठी महिन्यातून किमान एक प्रत्यक्ष वर्ग भरवावा. ऑनलाइन प्रशिक्षणाची बाजू मांडताना पहिली सूचना सगळ्यांना आठवते. दुसरीला पैसा लागतो, माणसे लागतात, म्हणून ती कागदावरच राहण्याचा धोका मोठा आहे. माझे म्हणणे असे की, चंद्रपूर जिल्ह्यातल्या जिवतीसारख्या तालुक्यात बालशिक्षिका होण्याचे शिक्षण ऑनलाइन जरूर सुरू व्हावे. पण जाणत्या माणसाने त्या बाईचे काम तिच्याच अंगणवाडीत, तिच्याच मुलांसमोर पाहिल्याशिवाय ते पूर्ण झाले असे कोणी म्हणू नये. दुसरी सूचना गाळली तरी निम्मे शिक्षण पदरात पडेलच, हा हिशेब चुकीचा आहे.

जिवतीच का, हे आधी सांगितले पाहिजे. माणिकगडच्या डोंगरपट्ट्यात, तेलंगणाच्या सीमेला लागून असलेला हा तालुका. कोलामांचे गुडे, गोंडांची गावे, बंजाऱ्यांचे तांडे आणि मराठवाड्यातून येऊन इथे शेती करू लागलेली कुटुंबे, अशी इथली वस्ती आहे. सीमेवरच्या १४ गावांवर महाराष्ट्र आणि तेलंगणा दोघेही हक्क सांगत आले; तिथे मराठी शाळाही आहे आणि तेलुगूही. महाराष्ट्रात विशेष असुरक्षित मानलेल्या आदिवासी जमाती तीन आहेत: कातकरी, माडिया गोंड आणि कोलाम. कोलामी आणि गोंडी या द्रविड कुळातल्या भाषा. मराठीशी त्यांचे नाते शेजाराचे, रक्ताचे नाही. म्हणजे तीन वर्षांचे कोलाम मूल अंगणवाडीच्या चटईवर येऊन बसते तेव्हा त्याच्यासमोरची बडबडगीते, गोष्टी आणि चित्रांखालचे शब्द त्याला परके असतात. त्याच चटईवर बंजाऱ्यांची गोरमाटी बोलणारे एखादे मूल असते आणि घरी मराठीच ऐकणारेही असते. अशा वर्गात मराठी कधी, किती आणि कोणत्या वाटेने आणायची, हा इथल्या बालशिक्षणाचा गाभ्याचा प्रश्न आहे. मुंबई-पुण्यात चित्रित झालेल्या तासाला त्याचे उत्तर माहीत नसते, कारण समोरचे मूल काय बोलले हे त्या तासाला ऐकू येत नाही.

यावर पहिला आक्षेप असा येतो की, इतके शिकवायचेच कशाला? अंगणवाडीचे खरे काम आहार, वजन, लसीकरण; तीन-चार वर्षांच्या लेकरांना मायाळू बाई पुरते. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हापासून हा समज तिच्या मागे लागला आहे, आणि कुपोषणाशी झगडणाऱ्या भागात तो पटतोही चटकन. पण शाळापूर्व शिक्षण हा या योजनेचा पहिल्या दिवसापासूनचा भाग आहे. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये सेविका आणि मदतनिसांचा ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला, तेव्हा शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ११ मधले शाळापूर्व शिक्षणाचे काम अंगणवाड्या करतात, याचीही दखल घेतली. आहार की शिक्षण हा पेचही मुळात खोटा आहे. तमिळनाडूत अर्थतज्ज्ञांनी ६४० अंगणवाड्यांचा अभ्यास केला. त्यांतल्या काहींमध्ये फक्त शाळापूर्व शिक्षणासाठी अर्धवेळ काम करणारी एक स्थानिक बाई जास्तीची दिली. शिकवण्याचा वेळ दुप्पट झाला आणि मुलांची भाषा व गणितातली समज वाढली. पण त्याबरोबर खुंटलेल्या वाढीचे आणि तीव्र कुपोषणाचे प्रमाणही घटले, कारण मूळच्या सेविकेला पोषणाच्या कामासाठी वेळ मिळाला. शिकवण्याला वेळ दिला म्हणून आहाराचे नुकसान झाले नाही, हे तिथे दिसले.

याच अभ्यासाचा आधार घेऊन कोणी म्हणेल की, मग प्रशिक्षणाचा आग्रह सोडा आणि जास्तीची माणसे द्या. तिथल्या बायकांना तर जेमतेम आठवडाभराचेच प्रशिक्षण होते. माणसे द्यायला हवीत हे निर्विवाद. पण तिथे शिकवणारीची आणि मुलांची भाषा बहुतांशी एकच होती. जिवतीत वेळ दुप्पट केला आणि त्या वेळात न कळणाऱ्या भाषेत अक्षरे घोटून घेतली, तर मूल दुप्पट वेळ गप्प बसेल. त्या वाढीव वेळात काय करायचे हे जाणणारी बाई हवी, आणि ते जाणणे मोजक्या दिवसांत येत नाही. केंद्र सरकारने १० मे २०२३ रोजी ‘पोषण भी पढाई भी’ हा कार्यक्रम सुरू केला, २०२४ मध्ये तीन ते सहा वयोगटासाठी ‘आधारशिला’ आणि त्याआधीच्या वयासाठी ‘नवचेतना’ हे आराखडे आणले. त्यांतला खेळातून शिकण्याचा भर योग्यच आहे. पण सेविकेच्या वाट्याला आले ते सभागृहातले मोजके दिवस. त्यानंतर ती आपल्या गुड्यावर परतते आणि एकटी पडते.

आता केवळ ऑनलाइनचा आग्रह धरणाऱ्यांची बाजू पाहू. ती दुबळी नाही. नव्या सेविकेचे जुन्या पद्धतीचे निवासी प्रशिक्षण २६ दिवसांचे असे. घरी तान्हे मूल, म्हातारी सासू, शेतात कापूस. तेवढे दिवस बाहेर राहणे अनेकींना जमत नसे. ती गेली की अंगणवाडी मदतनिसीच्या भरवशावर चाले. पावसाळ्यात डोंगर उतरून तालुक्याच्या ठिकाणी येणेच अवघड. उलट मोबाइलवरचा तास रात्री स्वयंपाक आवरल्यावर बघता येतो, न समजलेला भाग पुन्हा लावता येतो, आणि एरवी जिवतीला कधीच न येणारी तज्ज्ञ व्यक्ती तिच्या हातातल्या पडद्यावर बोलू लागते. हे सगळे मला मान्य आहे. बाळाच्या मेंदूची वाढ, वयानुसार आहार, अपंगत्वाची लक्षणे लवकर ओळखणे, गोष्ट निवडण्याची तत्त्वे, हा भाग पडद्यावरून उत्तम शिकवता येतो. कदाचित कंटाळवाण्या सभागृहापेक्षा चांगला. पण रडणाऱ्या मुलाला गटात कसे आणायचे, गोष्ट सांगताना कुठे थांबून प्रश्न विचारायचा, कोलामीत उत्तर आले तर ते तसेच उचलून त्याला मराठी शब्द कसा जोडायचा, पंचवीस मुलांत न बोलणारे एक कसे हेरायचे, हे सगळे हातून घडावे लागते. ते घडताना कुणीतरी बघावे लागते आणि ‘इथे तू घाई केलीस’ असे सांगावे लागते. व्हिडिओ पाहून झाल्यावर येणाऱ्या बहुपर्यायी प्रश्नांतून सेविकेने व्हिडिओ पाहिला एवढेच सिद्ध होते.

यंत्रणेने हातात मोबाइल दिला की त्याचे काय होते, याचा अनुभव महाराष्ट्राकडे आहे. पोषण ट्रॅकर हे नोंदींचे ॲप मार्च २०२१ मध्ये आले. त्याच वर्षी राज्यातल्या हजारो सेविकांनी सरकारी मोबाइल परत केले. फोन कमी क्षमतेचे, सतत अडकणारे, दुरुस्तीचा खर्च अंगावर पडणारा, आणि ॲपमधला मजकूर इंग्रजीत, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. त्यांना तंत्रज्ञानच नको आहे, असा अर्थ तेव्हा अनेकांनी काढला. तो त्या बायकांवर अन्याय करणारा होता. त्यांची मागणी चांगल्या फोनची आणि मराठीची होती. यातून घेण्यासारखे एवढे की, सेविकेकडच्या मोबाइलवर माहिती वर पाठवण्याचे ओझे आधीच पुष्कळ आहे: वजन-उंची, घरपोच आहार, हजेरी, फोटो. त्याच फोनवर, त्याच दमलेल्या संध्याकाळी आणखी एक कोर्स लादला, तर तीही एक नोंदच होईल. प्रशिक्षणाचे तास कामाच्या वेळेत धरले पाहिजेत. ‘कामात खंड पडणार नाही’ याचा अर्थ ‘तिच्या झोपेत खंड पडेल’ असा होता कामा नये.

रेंजचा मुद्दा मुद्दामच मागे ठेवला आहे, कारण त्यावर नको तितका जोर दिला जातो. डोंगरातल्या अनेक वस्त्यांवर नेट धड चालत नाही हे खरे. पण १५ नोव्हेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम-जनमन योजनेत कोलामांसारख्या जमातींच्या वस्त्यांसाठी रस्ते, अंगणवाड्या आणि मोबाइल टॉवर तिन्ही धरलेले आहेत. उद्या टॉवर उभा राहील आणि राहावाच. तोवर पेनड्राइव्ह, मेमरी कार्ड, महिन्याच्या बैठकीत एकदा उतरवून घेतलेले तास, हे उपाय साधे आहेत. रेंज नाही म्हणून ऑनलाइन नको, असे म्हणणाऱ्याचा युक्तिवाद टॉवरच्या उद्घाटनादिवशी संपतो. माझा त्या दिवशी संपत नाही, कारण रेंज पूर्ण भरली तरी वर्ग बघणारे माणूस त्यातून उतरत नाही.

विरुद्ध टोकाचा आक्षेप मला अधिक जवळचा आहे, म्हणून त्याला उत्तर देणे जास्त गरजेचे. तो असा: शहरातल्या मुलांना दोन वर्षांची पदविका घेतलेली शिक्षिका आणि आदिवासी मुलांना मोबाइलवर तयार झालेली, हा भेदभावच आहे, म्हणून ऑनलाइन शिक्षण नाकारावे. यातली चीड रास्त, पण निष्कर्ष चुकीचा. ऑनलाइन नाकारले म्हणून जिवतीच्या डोंगरावर अध्यापक विद्यालय उभे राहत नाही. उरते ते एवढेच की, बाहेर जाऊन शिकू शकणारी, मराठी घरातली, बहुधा तालुक्याच्या ठिकाणची बाई पात्र ठरते, आणि कोलामी बोलणारी, गुड्यावरच राहणारी अपात्र. मुलाची भाषा जाणणारी बाईच आपण या वाटेने गमावू. दूरशिक्षण म्हणजे हलके शिक्षण, हेही खरे नाही. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या बालसंगोपन व बालशिक्षणाच्या पदविकेत पुस्तकी विषयांच्या बरोबरीने प्रकल्पकार्य हा स्वतंत्र भाग आहे. मुलांमध्ये जाऊन काम केल्याशिवाय ती पूर्ण होत नाही. आणि महाराष्ट्राला हे बाहेरून शिकायचीही गरज नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडला वारली पाड्यांवर जे उभे केले, त्यात मुले येत नाहीत तर बालवाडी त्यांच्या अंगणात न्यायची आणि परिसरातल्या स्वस्त वस्तूंची साधने करायची, हा विचार होता. मुलांच्या दारात गेलेली ती बालवाडी आज सेविकेच्या शिक्षणालाही वाट दाखवते: शिक्षण तिच्या दारात जावे, आणि बरोबर माणूसही जावा.

प्रमाणपत्राच्या किमतीचा प्रश्नही दुर्लक्ष करण्यासारखा नाही. अप्रशिक्षित प्राथमिक शिक्षकांसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेने २०१७ ते २०१९ या काळात ‘स्वयम’ आणि दूरदर्शन वाहिन्यांवरून अठरा महिन्यांची डी.एल.एड. पदविका राबवली. लाखो शिक्षकांनी ती पूर्ण केली. नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती नेहमीच्या दोन वर्षांच्या पदविकेच्या तोडीची नाही असा निर्णय दिला. डिसेंबर २०२४ मध्ये अभ्यासक्रमाच्या वेळी सेवेत असलेल्यांपुरता खुलासा झाला. मधल्या काळात किती जणांच्या मनात धाकधूक राहिली असेल, याचा विचार करावा. मानधनावर काम करणाऱ्या सेविकेने वर्षभर कष्ट करून मिळवलेली पदविका उद्या प्राथमिक शाळेतल्या बालवाटिकेसाठी चालेल का, याचे उत्तर प्रवेशापूर्वी लेखी मिळाले पाहिजे. प्रत्यक्ष पाहिलेल्या कामाची नोंद त्या पदविकेला जोडलेली असेल, तर तिला हलकी ठरवणेही अवघड जाईल.

शेवटचा आक्षेप व्यवहाराचा: बघायला जाणार कोण? मुख्यसेविकेकडे अंगणवाड्या पुष्कळ, तपासणी आणि अहवाल त्याहून जास्त. केंद्रप्रमुख प्राथमिक शाळांतच अडकलेले. हे खरे असले तरी पर्याय आहेत. मुख्यसेविकेच्या प्रत्येक बीटमध्ये मुलांना सुरेख रमवणाऱ्या एक-दोन अनुभवी सेविका असतातच, आणि बाकीच्या सेविकांना त्या कोण हे ठाऊक असते. त्यांना मार्गदर्शक नेमावे, महिन्यातले काही दिवस त्यांच्या अंगणवाडीवर बदली बाई द्यावी, भेटीचे वेगळे मानधन द्यावे. मोबाइलचाही उलटा उपयोग करता येईल. आज पडदा सेविकेला धडे दाखवतो. तिने आपल्या गोष्टीच्या तासाची दहा मिनिटे त्यावर टिपावीत आणि बीटच्या मासिक बैठकीत सगळ्यांनी मिळून ती पाहावीत. त्याला रेंज लागत नाही. पालकांची संमती घ्यावी, मुलांची चित्रफीत कुठल्याही पोर्टलवर चढवू नये, चर्चा झाली की पुसून टाकावी. अशा दहा-वीस बैठकांतून कोलामी आणि गोंडीतली गाणी, कोडी, खेळ गोळा होतील, आणि पुढच्या तुकडीच्या ऑनलाइन अभ्यासक्रमात जिवतीचे स्वतःचे तास घालता येतील.

खर्च येईल. बदली बाईचा, प्रवासाचा, नेट पॅकचा, मार्गदर्शकाच्या मानधनाचा. तो जिल्ह्याच्या वार्षिक आराखड्यात स्वतंत्र ओळीवर दाखवावा, कारण स्वतंत्र ओळ नसलेला खर्च शेवटी सेविकेच्या पिशवीतूनच जातो. आणि जिवतीत ज्या महिन्यात प्रत्यक्ष वर्ग भरला नाही, तो महिना अभ्यासक्रमाच्या मुदतीत मोजला जाऊ नये, हा नियम प्रवेशअर्जावरच छापावा.