एका रात्रीची खोली

लेकीला पुण्यात नोकरी लागून चार महिने झाले होते. कंपनी खराडीला आणि राहणे तिथल्याच एका पीजीत, तिघी मिळून एका खोलीत. आम्हा दोघांना डोळ्यांच्या तपासणीसाठी पुण्याला जायचे होते. एरवी पुण्याला गेलो की कोंढव्याला धाकट्या भावाकडे मुक्काम ठरलेला. या वेळी लेकीने फोनवर सांगून टाकले, "एक रात्र माझ्याकडून. कोरेगाव पार्कात हॉटेल बघते. नाही म्हणायचं नाही."

आम्ही लगेच नाही म्हणालो.

पहिले कारण पैशाचे होते. आमच्या पाटोदा तालुक्यातून दिवाळीच्या आसपास ऊसतोडीच्या गाड्या भरतात. नवरा-बायको पोराबाळांसह पाच-सहा महिने फडाच्या कडेला पाचटाच्या कोपीत राहतात. त्यांच्या शेजारी राहणाऱ्यांनी एका रात्रीच्या झोपेला पाच-साडेपाच हजार मोजायचे, हे मनाला पटत नव्हते. दुसरे कारण याहून अवघड. गावात सख्खा भाऊ असताना हॉटेलात उतरायचे म्हणजे त्याच्या दारावरून मान फिरवून जाण्यासारखे. सिलारहमी तुटायला भांडणच व्हावे लागते असे नाही, एवढ्यानेही ती तुटते.

लेक आठवडाभर काही बोलली नाही. मग एका रात्री तिने विचारले, "अब्बा, चाचींच्या घरी किती खोल्या आहेत?" दीड खोली. आम्ही गेलो की भाऊ आणि त्यांचा मुलगा गॅलरीत झोपतात. भावजय पहाटे चारला उठून पाणी तापवतात आणि रात्री अकराला ओटा पुसतात. आजवर आम्ही त्याला पाहुणचार म्हणत आलो. त्या पाहुणचारात एका बाईची झोप जाते, हा हिशेब आमच्यापैकी कुणीच मांडला नव्हता.

तेव्हा ठरले. रात्र हॉटेलात, दुसऱ्या दिवशी दुपारचे जेवण भावाकडे, आणि भावाला हे आम्ही स्वतः आधी कळवायचे. तिसऱ्याकडून त्यांच्या कानावर जाता कामा नये.

आता खोली निवडणे. वाचक बंधू-भगिनींनो, हा अनुभव लिहिण्याचे कारण हेच की हॉटेलांचे फोटो आपल्यासारख्या घरांसाठी काढलेले नसतात. आपल्याला जे विचारायचे असते ते फोटोत दिसत नाही.

कोरेगाव पार्क म्हणजे पुणे स्टेशनच्या पलीकडची, मुळा-मुठेच्या काठची वस्ती. जुने बंगले, वडाची मोठमोठी झाडे, गल्ल्यांना आकडे. १९७४ साली तिथे रजनीशांचा आश्रम आला. देशोदेशीचे लोक येऊ लागले, आणि त्यांच्यामागून कॉफीची दुकाने, बेकऱ्या, कपड्यांची दुकाने, हॉटेले आणि दारूचे अड्डेही आले. आज पुण्यातल्या तरुण मुलांना मिरवायचे असेल तर ती तिकडे जातात.

लेकीने पहिले हॉटेल दाखवले ते नजरेत भरणारे होते. गच्चीवर पोहण्याचा तलाव, खोलीत पिवळा मंद उजेड, पांढराशुभ्र पलंग. फोटो मोठा करून पाहिला तर पलंग आणि न्हाणीघर यांच्यामध्ये भिंतच नव्हती, आरपार दिसणारी काच होती! नव्या हॉटेलांत ही चाल सर्रास आहे. नव्या जोडप्यांना ती आवडत असेल. आई-बाप आणि तरुण लेक जिथे एकत्र बसणार तिथे ती कामाची नाही. तेव्हापासून आमचा पहिला प्रश्न ठरला : न्हाणीघराला भिंत आहे की काच, आणि काच असेल तर आतून ओढायचा पडदा आहे का?

दुसरा प्रश्न पाण्याचा. संडासात हातात धरायचा जेट आहे का, की नुसता कागदाचा गुंडाळा? हे विचारायला संकोच वाटतो. पण तहारत नसेल तर नमाज कशी होणार?

तिसरा प्रश्न आवाजाचा. बार कोणत्या मजल्यावर आहे आणि गाणी किती वाजेपर्यंत चालतात? ज्या वस्तीत लोक रात्र जागवायला येतात तिथे शुक्रवार-शनिवारची रात्र घेऊ नये. आम्ही मंगळवार घेतला. गोंगाट टळला आणि भाडेही बरेच उतरले. खोली रस्त्याकडची नको, मागच्या बाजूची द्या, हेही आधी सांगून ठेवावे.

चौथा जेवणाचा. मटण-चिकन हलाल आहे का, हे सरळ विचारावे. उत्तर देताना समोरचा अडखळला तर तिथे शाकाहार घ्यावा किंवा बाहेर जेवावे. कोरेगाव पार्कातून रिक्षाने कॅम्पात, बाबाजान चौकाच्या बाजूला गेले की आपल्या जेवणाची चिंता राहत नाही. खोलीतल्या छोट्या फ्रीजमध्ये दारूच्या बाटल्या ठेवत असाल तर आम्ही यायच्या आधी काढून घ्या, असे सांगितले तर काढतात. यात लाजण्यासारखे काही नाही.

पाचवा हिशेबाचा. समोर दिसते ते भाडे आणि शेवटी भरावे लागते ते भाडे यांत फरक असतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे, त्याहून महागावर १८ टक्के. म्हणजे ७,५०० च्या किंचित वरची खोली दिसते त्याहून बरीच महाग पडते. आमची खोली ५,२०० ची होती, करासह ५,४६० झाले. जेवणाच्या बिलात 'सर्व्हिस चार्ज' आपोआप लावता येत नाही, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये सांगितले आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ते कायम ठेवले. तो दिसला तर शांतपणे काढायला सांगावे. वेटरला द्यायचे ते आपल्या हाताने, त्याच्या हातात द्यावे.

आणि ओळखपत्र. प्रत्येक मोठ्या माणसाचे लागते. आधारच द्यायचे तर पहिले आठ आकडे झाकलेली 'मास्क्ड' प्रत काढून न्यावी. लेक भेटायला येणार असेल तर तिला खोलीत येऊ देतात का, हेही विचारून ठेवावे. पुष्कळ ठिकाणी पाहुण्याला खालीच बसवतात.

एक गोष्ट लिहावी की नाही, यावर आमच्या दोघांत बरीच चर्चा झाली. एका हॉटेलात फोन केला तेव्हा खोली आहे म्हणाले. नाव सांगितले, आणि थोडे थांबून उत्तर आले की, माफ करा, सगळे भरले आहे. थोड्या वेळाने लेकीने मोबाइलवर पाहिले तर त्याच तारखेला खोल्या दिसत होत्या. चूक झाली असेल. आपल्याला हुस्ने-जन शिकवले आहे, दुसऱ्याबद्दल चांगलेच धरून चालावे. तसे आम्ही धरलेही. पण लेक काही वेळ मोबाइल उलटा ठेवून बसली होती, हे तिने नंतर सांगितले. त्यावरचा व्यवहारी उपाय एवढाच : खोली मोबाइलवरून नाव घालून, पैसे भरून पक्की करावी, लेखी होकार जवळ ठेवावा, आणि मग फोन करून बाकीचे प्रश्न विचारावेत. दारात जाऊन परत फिरण्यापेक्षा हे बरे.

शेवटी मिळाले ते गच्ची-तलावाचे हॉटेल नव्हते. एका आतल्या गल्लीतल्या जुन्या बंगल्याचे केलेले छोटे हॉटेल, बारा खोल्या, बार नाही, दारात वड. फोटोत ते साधेच दिसत होते. लोकांनी लिहिलेल्या तक्रारी आम्ही आधी वाचल्या, कौतुक नंतर. तक्रारी दोनच होत्या, लिफ्ट नाही आणि रात्री फार सामसूम असते. दुसरी तक्रार वाचून आम्ही खोली घेतली.

एसटीने निघालो. महिलांना अर्धे तिकीट आहे, त्यामुळे आमच्यापैकी एकाचे भाडे दुसऱ्याच्या निम्मे, आणि त्यावरून दरवेळची थट्टा झालीच. सौताडा, जामखेड, आष्टी, कडा, अहिल्यानगर. नगर रस्त्याने पुण्यात शिरताना येरवड्याच्या अलीकडे आगाखान पॅलेस लागतो. गांधीजींना आणि कस्तुरबांना तिथे नजरकैदेत ठेवले होते आणि कस्तुरबा तिथेच वारल्या, हे शाळेत शिकलो होतो. तो वाडा आगाखान तिसरे, सुलतान मुहम्मद शाह यांनी १८९२ मध्ये बांधला तो दुष्काळात आजूबाजूच्या लोकांच्या हाताला काम मिळावे म्हणून, हे मात्र अलीकडे कळले. दुष्काळ म्हणजे काय हे बीड जिल्ह्याला सांगावे लागत नाही. एवढ्या कमानी, एवढी बाग, आणि मुळाशी रोजगार. सुंदर वस्तू आणि उधळपट्टी या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात, हे खिडकीतून पाहता पाहता मनात येऊन गेले.

मुसाफिराची सोय करणे ही आपल्याकडे जुनी गोष्ट आहे. जकातीचे जे आठ हकदार सांगितले आहेत त्यांत वाटसरू आहे. औरंगाबादच्या पाणचक्कीत दुरून मातीच्या नळांनी आणलेल्या पाण्यावर जाते फिरायचे आणि तिथे येणाऱ्या फकिरांसाठी, मुसाफिरांसाठी पीठ दळले जायचे. मुंबईतला साबू सिद्दीक मुसाफिरखाना हाजींच्या कितीतरी घरांना ठाऊक आहे. तिथे कुणी फोटो काढायला जात नसे. पाणी, अंथरूण, सुरक्षित दार आणि नमाजची जागा, एवढे मिळाले की झाले. आज भाड्याची खोली निवडतानाही कसोटी हीच आहे. बाकीची सजावट आवडली तर घ्यावी, नाही तर सोडावी.

खोलीवर पोचलो तेव्हा असरची वेळ झाली होती. मुसाफिर असल्याने दोनच रकात. पुण्याहून किब्ला पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे झुकलेला. त्याच बाजूला नेमके एक टेबल, त्यावर शोभेची मूर्ती. सामान घेऊन आलेल्या मुलाला आम्ही विनंती केली की हे तेवढे दुसरीकडे ठेवता का. त्याने दोन्ही हातांनी नीट उचलून ती बाहेर नेली, टेबलही सरकवले आणि विचारले, "काका, बाकीच्यांना कुणाला लागलं तर सांगता यावं म्हणून विचारतो. मक्का नक्की कुठल्या बाजूला?" आम्ही खिडकीतून दाखवले. त्याने मान हलवली. मग म्हणाला, "तुमचं बोलणं आमच्याकडचं वाटतं."

तो आष्टी तालुक्यातला निघाला. आई-वडील कारखान्यावर, ऊसतोडीला. हा बारावीनंतर इथे आला. पाटोद्याचे नाव ऐकून हसला आणि म्हणाला, "आपल्याकडची पोरं इथं लई आहेत. किचनला, सफाईला, गेटवर. पाहुणं म्हणून आलेलं मात्र मी पहिल्यांदाच बघतोय."

त्या रात्री जेवण कॅम्पात झाले. लेक नऊपर्यंत आमच्याबरोबर होती, मग पीजीची वेळ झाली म्हणून गेली. पहाटे फज्रनंतर ती परत आली तेव्हा तिच्या अम्मीने खोलीतल्या किटलीत तीन कप चहा केला होता, कप धुऊन पालथे घातले होते आणि पलंगपोस ओढून सारखा केला होता. लेक कपाळावर हात मारून म्हणाली, "अम्मी, एक दिवस तरी!" अम्मीचे उत्तर होते, "चहा केला तो माझ्या मर्जीने. तीस वर्षांत पहिल्यांदा सहा वाजता उठून कुणी वाट बघत नव्हतं."

सूरह अल्-फुरकानच्या ६७ व्या आयतीत खर्चाबाबत दोन्ही टोके वर्ज्य सांगितली आहेत, उधळणे आणि हात आखडणे. उधळण्याच्या बाजूची भीती आपण नेहमी घालतो. घरच्या बाईच्या विश्रांतीची वेळ आली की मात्र हात आखडण्यालाच साधेपणा म्हणून मोकळे होतो. आमचे आता असे मत झाले आहे की कर्ज न काढता, कुणाचा हक्क न मारता, घरच्या माणसाला आराम मिळावा म्हणून घेतलेली खोली इसराफ नाही. त्याच खोलीचे फोटो चार लोकांत फिरवण्यासाठी ती घेतली तर आहे, मग भाडे पाचशे का असेना. लेकीने त्या खोलीचा एकही फोटो कुठे टाकला नाही. आणि त्या महिन्यात आम्ही खोलीच्या भाड्याएवढी रक्कम वेगळी काढली. ती कुठे गेली हे लिहिण्याची गोष्ट नाही.

दुपारी तपासणी उरकून कोंढव्याला गेलो. भाऊ थोडे गप्प होते. जेवण झाल्यावर म्हणाले, "रात्री गॅलरीत झोपायची तयारी ठेवली होती मी." आम्ही म्हणालो, म्हणूनच. ते हसले आणि विषय संपला.

निघताना भावजयींनी दारामागे भाभीजानना थांबवून हळूच विचारले, "भाभीजान, खोली कशी होती?" उत्तर ऐकून त्या थोडा वेळ दाराच्या कडीशी चाळा करत राहिल्या. मग म्हणाल्या, "सकाळचा चहा कुणी आणून दिला?"

पुढच्या वेळी पुण्याला जाऊ तेव्हा खोली दोन बिछान्यांची घ्यायची, असे इन्शाअल्लाह ठरले आहे. एक रात्र दोघी जावा तिथे राहतील, आणि कोंढव्याच्या गॅलरीत आम्ही दोघे भाऊ झोपू.