नऊ इंचांच्या आतलं विंडोज घेऊ नका

ठाणे-कल्याण पट्ट्यातल्या सेकंडहँड गाळ्यांमध्ये अजूनही सात-आठ इंची पडद्याचे विंडोज टॅबलेट हाती लागतात. विकणारा म्हणतो, "काका, हा पूर्ण कॉम्प्युटर आहे. एक्सेल चालतं, टॅली चालतं, आणि बॅगेत मावतो." यात सरळ खोटं असं काही नाही. तरी घेऊ नका. आणि त्याच काउंटरवर जुना लुमिया फोन दिसला तर भावसुद्धा विचारू नका.

फोनचं आधी उरकतो. लुमिया ५२० आपल्याकडे २०१३ मध्ये भरपूर खपला, आणि फोन मजबूत होता यात वाद नाही. पण विंडोज फोनवरचं व्हॉट्सअॅप ३१ डिसेंबर २०१९ ला बंद झालं. त्यातल्या शेवटच्या प्रणालीचे अपडेटही जानेवारी २०२० मध्ये थांबले. लोकलचं तिकीट काढायचं रेलवन अॅप अँड्रॉइड आणि आयफोनसाठी आहे. ५२० मध्ये फोरजी नाही, त्यामुळे जिओचं सिम त्यात चालणार नाही. तिकीट नाही, यूपीआय नाही, सोसायटीचा ग्रुप नाही. मग तो घेऊन करायचं काय?

टॅबलेटचं प्रकरण जरा गुंतागुंतीचं आहे, कारण तिथे मोह खरा आहे. एप्रिल २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने नऊ इंचांपेक्षा लहान उपकरणांसाठी विंडोज फुकट केलं. त्यानंतर छोट्या विंडोज टॅबलेटची लाटच आली. एचपीचं स्ट्रीम ७ त्या काळातलं, आपल्याकडे आयबॉलनेही स्वस्त मॉडेल आणली. आत इंटेल अॅटम प्रोसेसर, एक किंवा दोन जीबी रॅम, सोळा किंवा बत्तीस जीबी जागा. आज गाळ्यात दिसतो तो हाच माल. पुढे २०२१ मध्ये विंडोज ११ आलं आणि त्याच्या अटींत लिहिलं होतं की पडदा नऊ इंचांपेक्षा मोठा हवा. ज्या मापासाठी सवलत दिली, तेच माप सात वर्षांत बाद! शिवाय चार जीबी रॅम, चौसष्ट जीबी जागा आणि टीपीएम २.० हवं. यातली रॅमची आणि जागेची अटच हे टॅबलेट पुरी करत नाहीत.

म्हणजे त्यात राहतं ते विंडोज ८.१ किंवा १०. पहिल्याचा आधार जानेवारी २०२३ मध्ये संपला आणि क्रोमनेही त्याच सुमाराला त्याच्याकडे पाठ फिरवली. विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ पासून बंद आहेत. नोंदणी करून सुरक्षेचे वाढीव अपडेट काही काळ मिळतात, पण त्यासाठी मशीनवर २२एच२ ही आवृत्ती लागते. बत्तीस जीबीत विंडोज स्वतःच इतकं पसरतं की ती आवृत्ती उतरवायला बहुधा जागा उरत नाही. जागा वाढवताही येत नाही, कारण चिप बोर्डावर पक्की बसवलेली असते. मेमरी कार्ड घातलं तर फोटो त्यात जातील, विंडोज जाणार नाही.

दुकानदार म्हणेल, "अकरा टाकून देतो." यातल्या बहुतेक टॅबलेटमध्ये ३२-बिट विंडोज असतं आणि अकराची ३२-बिट आवृत्ती निघालेलीच नाही. सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउट इथे जाऊन 'सिस्टिम टाइप' त्यालाच वाचायला लावा.

समजा अपडेटचं सोडून दिलं, तरी रोजचं काम होईल का? टॅली हे बोटांनी चालवायचं सॉफ्टवेअर आहे, पण कीबोर्डवर. पेमेंटला एफ५, रिसीटला एफ६, सेल्सला एफ८. पडद्यावरचा कीबोर्ड उघडला की अर्धा पडदा त्यानेच व्यापतो आणि व्हाउचर दिसेनासं होतं. जीएसटीचं काम करणाऱ्यांची डिजिटल सही यूएसबी टोकनमध्ये असते, आणि यातल्या बऱ्याच टॅबलेटना चार्जिंगसकट सगळ्याला मिळून एकच बारीक पोर्ट. टोकन लावलं की चार्जर काढा. रिटर्नच्या शेवटच्या तारखेला हे करून बघायची माझी तरी हिंमत नाही. राहता राहिलं "बॅगेत मावतो" हे. सकाळच्या गर्दीत दिवा-मुंब्र्याच्या मध्ये छातीशी धरलेल्या बॅगेवर किती भार येतो, ते डोंबिवलीकरांना सांगायला नको. पातळ काचेला तो सोसवत नाही.

मग घ्यावं काय? आधी घरी बसून कामं लिहून काढा. तिकीट, बँक, लाइट बिल, मुलांचा अभ्यास, मराठीत चार ओळींची नोटीस, एवढंच असेल तर विंडोज लागतच नाही. बरा अँड्रॉइड फोन किंवा टॅबलेट आणि वर एक ब्लूटूथ कीबोर्ड पुरतो. जीबोर्डला मराठी बोललेलं टाइप करता येतं आणि ज्येष्ठांना ते फार सोयीचं पडतं. टॅली, श्रीलिपीतल्या जुन्या फायली किंवा डिजिटल सही, यांपैकी काही असेल तर विंडोज हवंच. अशांनी कंपन्यांतून निघालेला बारा-तेरा इंची लॅपटॉप बघावा. प्रोसेसरच्या नावात आय५ नंतरचा आकडा ८ ने किंवा त्यापुढच्या पिढीच्या आकड्याने सुरू व्हायला हवा. आय५-८२५० चालेल, आय५-७२०० नको. टॅबलेटच हवा असा हट्ट असेल तर सरफेस गो २ किंवा त्यानंतरचा. पहिला गो नको, तो विंडोज ११ च्या यादीत नाही.

दुकानात घाई करू नका. चार्जर काढून अर्धा तास मशीन चालवा, वायफाय लावा, तुमचं टोकन किंवा पेनड्राइव्ह घालून बघा, मराठीत दोन ओळी टाइप करा. सिम घालायचं उपकरण असेल तर *#०६# दाबून आयएमईआय मिळवा, केवायएम लिहून जागा सोडून तो नंबर टाका आणि १४४२२ वर एसएमएस पाठवा. चोरीची नोंद झालेला माल असेल तर तिथेच कळेल. जीएसटीचं पक्कं बिल आणि वॉरंटी कागदावर घ्या. नंतर विकणारा हात वर करू लागला तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, पण बिल नसेल तर तिथे बोलायलाच अवघड जाईल.

आणि असा टॅबलेट आधीच घरात असेल तर लगेच फेकायचं कारण नाही. त्यातून बँकेचं आणि ईमेलचं खातं काढा, वायफाय बंद करा, भजनं किंवा जुन्या फोटोंसाठी वापरा. मात्र पाठ फुगलेली दिसली किंवा पडदा कडेने उचलला गेला असेल तर चार्जरला लावू नका. तो ओल्या-सुक्या कचऱ्याच्या डब्यातही टाकायचा नाही. ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रात द्या, आणि तोपर्यंत गॅसपासून आणि मुलांच्या हातापासून लांब ठेवा.