लाकडाची चौकशी टाकीबाहेर व्हावी

पावसाळा ओसरला म्हणजे कामवारी नदीच्या काठी चिखलात रुतलेली, पाण्याने झिजून गुळगुळीत झालेली, आपल्या वळणांनी एखाद्या शिल्पाचा भास उत्पन्न करणारी लाकडे पडलेली दिसतात, आणि ज्याच्या घरी माशांची टाकी आहे अशा गृहस्थाची दृष्टी त्यांवर खिळली नाही तरच नवल. दुकानात ज्या ड्रिफ्टवुडला चांगले दाम मोजावे लागतात ते येथे फुकट पडले असता का उचलू नये, या प्रश्नाला माझे उत्तर नकाराचे आहे, आणि ते भिवंडीत अधिकच निक्षून द्यावे लागते. यंत्रमागांच्या या शहरात रंगाईचे व सायझिंगचे सांडपाणी जिच्या वाट्याला आले त्या नदीचे पाणी लाकडाने आपल्या छिद्राछिद्रांत साठवलेले असते. खाली खाडीकडचे असेल तर त्यात क्षारांची भर. उकळल्याने जंतू मरतात, रसायने व धातू जागचे हलतातच असे नाही.

दुसरा मोह गोदामांबाहेर रचलेल्या पॅलेटांचा. त्यांवरील ‘एचटी’ हा शिक्का लाकडाच्या गाभ्याला ५६ अंश सेल्सिअस उष्णता ३० मिनिटे दिल्याचा दाखला आहे, तर ‘एमबी’ हा मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिल्याचा. पण हा सारा बंदोबस्त किडींसाठी केलेला. त्या फळीवर पुढे कोणते तेल सांडले याची नोंद कोणत्याही दप्तरात नसते, आणि लाकूड चीड-देवदारासारखे राळेचे असेल तर ते टाकीला मुळातच वर्ज्य.

१६५७ साली शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी काबीज केल्यावर या खाडीत जहाजबांधणीस प्रारंभ झाला. ओले लाकूड पाण्याच्या कामाचे नव्हे, हे त्या काळच्या सुतारांना कोणी शिकवावे लागले नसेल. आपल्याला मात्र दुकानातून आणलेले लाकूड त्याच संध्याकाळी टाकीत पाहायचे असते! नख रुतेल इतके मऊ लाकूड नाकारावे, साल काढून साबणाविना ब्रशने घासावे, तास-दोन तास उकळावे आणि मग बादलीत, पाणी बदलत बदलत, ते आपल्या वजनाने तळाशी बसेपर्यंत दोन-तीन आठवडे मुक्कामास ठेवावे. त्यातून उतरणारा चहासारखा रंग टॅनिनचा असतो; तो माशांना सहसा अपायकारक नाही, परंतु ज्या पाण्यात कार्बोनेटची कठीणता अल्प आहे तेथे त्यामुळे सामू घसरू शकतो, म्हणून टाकीतील पाण्याची कठीणता आधी तपासून घेणे इष्ट. ठेवताना लाकूड सपाट दगडावर पक्के टेकवावे, काचेला रेलू देऊ नये.

एवढी खबरदारी घेऊनही माझी टाकी एकदा उजाड झाली, आणि तो गुन्हा लाकडाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. लाकूड घातल्यावर चार-पाच दिवसांत त्यावर पांढरा, कापसासारखा बुळबुळीत थर धरला. नव्या लाकडातून पाझरणाऱ्या शर्करादी द्रव्यांवर वाढणारा हा थर बहुधा निरुपद्रवी असतो, कोळंब्या व गोगलगायी तो आवडीने खातात, आणि काही आठवड्यांत तो आपोआप नाहीसा होतो, हे ठाऊक नसल्यामुळे मी घाबरून सारे पाणी उपसले, वाळू धुतली आणि फिल्टरचा स्पंज क्लोरीनयुक्त नळाच्या धारेखाली स्वच्छ पिळून काढला. माशांच्या विष्ठेतील अमोनियाचे प्रथम नायट्राइट व मग नायट्रेट करणारे जे जीवाणू अनेक महिन्यांत त्या स्पंजावर व वाळूत वस्ती करून राहिले होते, त्यांचा मी अर्ध्या तासात निकाल लावला; आठवडाभरात मासे गेले.

जुन्या टाकीत नवे लाकूड येते तेव्हा धोका त्या लाकडाइतकाच मालकाच्या उत्साहाचा असतो, असे माझे मत त्या दिवसापासून बनले आहे. लाकूड घातल्यावर महिनाभर फिल्टरला हात लावू नये. पाणी नेहमीसारखे पाव भागच बदलावे. थर डोळ्यांना फारच खुपला तर लाकूड बाहेर काढून घासावे. आणि मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागले, तर लाकूड काढून पुन्हा बादलीत ठेवावे.


माझे तेच लाकूड आजही टाकीत आहे, आणि त्याच्या ढोलीत कोळंब्या राहतात.