विहिरींत निघालेला दगड

उन्हाळा लागला कीं आमच्या बीड जिल्ह्यांत विहिरींचीं कामें सुरू होतात. कर्ज काढून, घरधनिणीच्या अंगावरचें मोडून शेतकरी सुरुंग लावतो आणि सात-आठ परस खोल गेल्यावर पाण्याऐवजीं एखादा चकचकीत, कधीं हिरवट, कधीं काळाकुट्ट जड दगड वर येतो. मग गांवांत बोभाटा होतो. कोणी त्यास हिरा म्हणतो, कोणी नागमणी, कोणी परीस. दुसऱ्या दिवशीं त्यास शेंदूर लागतो, तिसऱ्या दिवशीं नारळ फुटूं लागतात आणि चौथ्या दिवशीं कोणी पंचांगवाला येऊन सांगतो कीं, येथें देव प्रगटला आहे, तरी काम थांबवून शांत करावी. शांतीचा खर्च कोणाच्या माथीं बसतो हें शेतकरी बंधूंस सांगावयास नको. ज्याची विहीर अर्धी राहिली त्यानें एवढेंच विचारावें कीं, हा दगड आहे कोणता?

आपल्या पायाखालीं काय आहे तें आधीं समजून घेऊं. सुमारें ६ कोटि ६० लाख वर्षांपूर्वीं या दक्षिण देशांत जमिनीस भेगा पडून तापलेला शिलारस वाहिला. एक थर निवाला कीं त्यावर दुसरा, असे थर बसले. आपला बालाघाटचा डोंगर त्याच थरांचा. शिलारस निवतांना त्यांतून वाफा निघाल्या व बुडबुड्यांच्या जागीं पोकळ्या राहिल्या. पुढें या पोकळ्यांत ऊन पाणी मुरलें आणि त्यांतील क्षार हळूहळू स्फटिक होऊन बसले. चकचकीत खडे निघतात ते बहुधा हेच. पांढरी गारगोटी, पट्ट्यापट्ट्यांचा अकीक, चुन्याचा स्फटिक, आणि ज्यांस शास्त्रांत झिओलाइट म्हणतात तीं पांढरीं अगर गुलाबी झांक असलेलीं फुलें. यांत हिरा नाहीं.

हें ज्ञान पुस्तकांतच आहे असें कोणी समजूं नये. आमचे वडार बंधू पहार मारतांच आवाजावरून सांगतात कीं हा मुरूम, हा मांजऱ्या आणि हा काळा पाषाण. मांजऱ्याच्या पोकळ्यांस व भेगांस पाणी धरतें, अखंड काळ्या पाषाणांत भेग नसली तर पाणी नाहीं. या विद्येवर जिल्हा पाणी पितो, पण तिला विद्या म्हणण्याची कोणास लाज वाटते, हें नवलच आहे. लोहाराचेंही तसेंच. जुन्या पांढरींत सांपडलेला भोंकाभोंकांचा काळा जड गोळा घेऊन लोक "आकाशांतून पडला" म्हणत हिंडतात. लोहारास दाखवा, तो सांगेल कीं हा भट्टींतला लोखंडाचा मळ आहे. खऱ्या उल्केस बाहेरून काळी पातळ साल असते व आंत अशीं बुडबुड्यांचीं भोंकें नसतात. लोहचुंबक किंचित् ओढला एवढ्यावरही फसूं नये, कारण आपल्या काळ्या पाषाणांतही लोहाचे कण असतात.

आतां घरच्या घरीं करण्याची परीक्षा सांगतों. रंगावर जाऊं नये, रंग फसवा असतो. सुरीचें टोंक दगडावर ओढावें. ओरखडा उठला नाहीं आणि उलट दगडानेंच कांचेवर ओरखडा काढला, तर गारगोटीची जात. सुरीनें सहज ओरखडला, आणि त्याच्या भुकटीवर लिंबू पिळतां फेस आला, तर चुन्याची जात. मग वजन. दगड दोरीनें कांट्यास टांगून तोलावा. नंतर तसाच टांगलेला, तळास न लागतां, बादलीच्या पाण्यांत बुडवून तोलावा. कोरडें वजन दोन वजनांच्या फरकानें भागावें. कोरडा ५३० ग्राम व पाण्यांत ३३० भरला तर फरक २००, भागाकार २.६५, म्हणजे गारगोटी. झिओलाइटाचा भागाकार २.२ च्या आसपास येतो, काळ्या पाषाणाचा ३ च्या जवळपास, लोखंडी उल्केचा ७ च्या वर. मराठी चौथीचा मुलगा हें गणित करील. पंचांगांत तें सांपडणार नाहीं.

हिरा नाहीं म्हणून दगड कवडीमोल, असेंही नव्हे. राहुरीजवळ मोमीन आखाडा येथें २००१ सालीं विहीर खोदतांना हिरव्या अपोफिलाइटचे गोळे निघाले आणि ते जगभरच्या संग्राहकांनीं उचलले. असा माल पहारीच्या एका घावानें फुकट जातो, म्हणून पोकळी दिसली कीं हात आवरावा. दुसरी गोष्ट व्यापाऱ्याची. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, कलम ४८ प्रमाणें जमीन आपली असली तरी तिच्या पोटांतील खनिजांवर हक्क सरकारचा आहे. त्या भीतीनें शेतकरी रातोरात मिळेल त्या पैशांत माल देऊन टाकतो, आणि नफा भलताच खातो. तहसील कचेरींत विचारण्यास पैसा पडत नाहीं. आमचें तर स्पष्ट मत आहे कीं, असा खडा निघाला तर खोदणाऱ्याचा व मालकाचा वांटा कायद्यानेंच ठरवून द्यावा.

गोदाकांठच्या व मांजरेकांठच्या गाळांत खणणारांनीं आणखी सावध असावें. तेथें दगडासारखें जड झालेलें हाड निघूं शकतें. पैठणजवळ मुंगी येथें १८६५ च्या सुमारास भूविज्ञान खात्याचे विन यांस गोदेच्या जुन्या थरांत मनुष्यानें पाडलेली अकीकाची छिलका सांपडली. दिसावयास तो फुटका गोटाच, पण नदीकांठीं फार प्राचीन काळीं माणूस होता याचा पुरावा त्या गोट्यांत होता.

प्रत्येक पंचायत समितींत जिल्ह्यांतील दगडांची, नांवें लिहिलेली एक पेटी ठेवावी, अशी आमची मागणी आहे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेस हें अवघड नाहीं. तोंवर वाचकांनीं दगड निघाला तर किती परसांवर, कोणत्या थरांत व कोणत्या तारखेस निघाला तें कागदावर लिहून कागद दगडासच बांधावा, त्यास शेंदूर अगर तेल लावूं नये, आणि विहिरीचें काम चालू ठेवावें.